जाम साफ

माणसाच्या संस्कृतीचा सगळा इतिहास हा खरं तर छाटणीचा इतिहास आहे. रानटी वाढलेल्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ज्या दिवशी उमगलं त्या दिवशी माणूस माणूस झाला. झाडाचं सौंदर्य फांद्यांत नसतंच. ते दोन फांद्यांमधून दिसणाऱ्या आकाशात असतं.

चिकूला लावलेल्या शिडीवर उभ्या असलेल्या रावजीला यातलं काहीही सुचत नव्हतं. त्याच्या सदऱ्यात हुमले, म्हणजे झाडावरचे तांबडे मुंगळे, शिरले होते आणि त्यातला एक नेमका काखेत चावत होता.

"मालन, शिडी धर गो घट्ट! खाजवायचंय."

"धरलीय. आवो पण कोयता खाली टाका आधी. खाजवता खाजवता हात कापून घ्याल."

"टाकला नि तुझ्या डोक्यावर पडला तर?"

"पडू दे. सुटेन एकदाची."

हुमला मेला, रावजीने खांदा दोनदा गोल फिरवला आणि पुन्हा कोयता चालवायला घेतला. उजवा खांदा शिमग्यापासून धरला होता. पालखी नाचवताना धरला असं तो सांगायचा; म्हातारपण आलं असं मालन सांगायची.

'जामराई'मध्ये फळझाडं पुष्कळ होती, पण ती फळांसाठी नव्हती. चिकू चेंडूसारखा गोल ठेवायचा. डाळिंबांची रांग कंबरेइतकी. कुंड्यांतल्या छोट्या नारिंगांना छत्रीचा आकार. फळ आलं तर पानांआडून थोडं दिसावं, म्हणजे फोटोत बरं वाटतं. ही सगळी मालकाची कल्पना. रावजी त्यात आपलं जुनं तंत्र चालवायचा: आधी वाळलेलं काढायचं, मग एकमेकांना घासणाऱ्या फांद्यांतली एक, मग सरळ वर धावणारे, ना फूल ना फळ देणारे पानसोट. काप तिरका, कोंब फुटतो त्या डोळ्याच्या जरा वर. झाडाला वारा लागला पाहिजे, ऊन आतपर्यंत गेलं पाहिजे. एवढं केल्यावर मालकाचा चेंडू आपोआप होत असे. होत नसे तेव्हा मालन खालून "डावीकडं पोट सुटलंय त्याचं" असं ओरडून सांगायची.

बंगला जांभ्या दगडाचा, रत्नागिरीपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर, समुद्राकडे उतरणाऱ्या कातळाच्या सड्यावर. मालक गंधार ठाण्याला कॉम्प्युटरवर काम करायचा आणि सुटीच्या दिवसांत बंगला पाहुण्यांना द्यायचा. दारासमोर जामाचं एक झाड होतं. फिकट गुलाबी, घंटेसारखी, पाणीदार फळं. खाल्ली तर पाणी चावून प्यायल्यासारखं वाटतं. त्या एका झाडावरून बंगल्याचं नाव 'जामराई'. एका झाडाला राई म्हणणं जाहिरातीत चालतं.

रावजी-मालन बंगल्यामागच्या मांगरात, म्हणजे एका खोलीच्या खोपटात, राहायचे. रावजी बाग बघायचा, मालन पाहुण्यांचं जेवण करायची. मंडणगडकडचं त्यांचं घर वादळात गेलं. आधी छप्पर गेलं, मग भिंती गेल्या, मग भावांनी उरलेले चिरे नेले. दाराची चौकट मात्र कुणी नेली नाही, कारण ती वाकडी होती. तेव्हा मांगर हेच घर. तेही मालकाच्या मर्जीचं. आधीचा राखणदार बाबल्या याच मांगरात राहायचा. त्याच्या कोंबड्या हिरवळीवर फिरल्या आणि एका पाहुण्याच्या बुटावर काहीतरी पडलं. बाबल्या भर पावसात प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन निघून गेला. कोंबड्या पिशवीत होत्या. मालनने हे पाहिलं नव्हतं, पण शेजारच्या करीमच्या बायकोने तिला इतक्या वेळा सांगितलं होतं, की पाऊस म्हटला की तिला पिशवीतल्या कोंबड्या आठवत.

चिकूवरून उतरताना रावजीच्या खिशातला फोन टुणकन वाजला. गंधारचा आवाजी निरोप होता. मालनने ओल्या पदराला हात पुसून बटण दाबलं.

"काका, गंधार बोलतोय." मागे गाड्यांचे भोंगे. "पाहुणे सुरू होतील आता. दारासमोर जाम साफ करून टाका. आणि प्लीज काका, या वेळी हयगय नको. बाय."

मालनने निरोप पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

"जाम साफ करून टाका," रावजी म्हणाला.

"म्हंजे खालचा पाला झाडायचा असंल."

"पाला झाडा म्हणायला त्याचं तोंड दुखतं? 'करून टाका' बोलला. टाका!"

"आवो, आता कळे धरलेत झाडाला. फुलं फुटलीत. आत्ता कोण साफ करील?"

"गेल्या साली त्याची बायको घसरली ना पडलेल्या जामांवरनं? कंबरेला पट्टा बांधून गेली. हे झाड दारात नकोच, बोलली का नाय?"

बोलली होती. वैदेही ओट्यावर बसून, कंबरेला हात लावून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली होती. मालनला ते आठवलं आणि तिचा मुद्दा थोडा लंगडा झाला.

"मग एकदा फोन करून विचारा."

नारळ पाडायचे की ठेवायचे हे विचारायला मागे एकदा त्याने फोन केला होता. गंधार मीटिंगमध्ये होता. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लागला होता. रावजीचं 'नारळ पाडू काय, साहेब?' हे वाक्य कुठल्याशा परदेशातल्या माणसांनीही ऐकलं. ती सगळी हसली. मग गंधार म्हणाला, "काका, बारीकसारीक गोष्टीला फोन करत जाऊ नका."

"बारीकसारीक गोष्टीला फोन नको बोललाय," रावजी म्हणाला.

"झाड बारीक हाय?"

रावजी करवत आणायला गेला.

पांढऱ्या तंतूंच्या फुलांनी झाड भरलं होतं. मधमाश्या इतक्या होत्या की झाड गुणगुणतंय असं वाटावं. रावजी खाली बराच वेळ उभा राहिला. एका झाडाची किती छाटणी करावी हे त्याच्या हाताला माहीत होतं. तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेलं की हात आपोआप थांबायचा. आज त्याला थांबायचं नव्हतं.

"मुळापासनं नाय कापत," तो म्हणाला. "छातीइतकं ठेवतो. तीन फांद्या ठेवतो. साफ दिसंल नि जीवपण राहील."

"दोन्ही कशी जमतील?"

"जमवायची."

फांदी फाटून साल ओरबाडू नये म्हणून त्याने आधी खालून खाच घेतली, मग वरून करवत. पहिली फांदी पडली तेव्हा फुलांचे तंतू हवेत उडाले आणि मालनच्या केसांवर, पापण्यांवर बसले. दुसऱ्या फांदीला खांदा बोंबलायला लागला. तिसरीला त्याने डावा हात घेतला. ऊन चढलं. माश्या तुटलेल्या फुलांवरच घोंघावत राहिल्या. झाड कुठं गेलं हे त्यांना कळेना. मालन फांद्या ओढून दगडी गडग्याबाहेर टाकत होती. तिच्या टाचेला भेग होती, त्यात तंतू शिरत होते. ती मध्येच थांबायची, पाय झटकायची, पुन्हा ओढायची.

संध्याकाळी दारासमोर छातीइतका बुंधा आणि तीन आखूड हात उरले. बंगल्याचं दार एकदम उघडं पडल्यासारखं झालं. बंगल्याच्या नावाच्या फलकावर रंगवलेली गुलाबी फळं मात्र पूर्वीसारखी लोंबत होती.

सकाळी गंधारचा फोन आला.

"काय काका, झालं साफ?"

"झालं साहेब. एकदम साफ."

"ग्रेट. आणि आपल्या जामाला कळे आलेत ना? या वर्षी पाहुणे खास त्यासाठीच येतायत. वैदेहीने गेल्या वर्षीचा व्हिडिओ टाकला होता ना, त्यानेच दोन महिन्यांचं बुकिंग झालंय. झाडाला जपा हं."

रावजीने दाराकडे पाहिलं. तीन आखूड हात त्याच्याकडे पाहत होते.

"आलेत," तो म्हणाला. "कळे पुष्कळ आलेत."

फोन ठेवून तो ओट्यावर बसला. मालन भांडी घासत होती. तिने राख लावलेला तवा तसाच हातात धरला.

"काय बोलला?"

"जाम साफ म्हंजे जाम नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे लय. लय साफ. ठाण्याकडं लय म्हणायला जाम म्हणतात वाटतं."

मालनने तवा खाली ठेवला. तिला आठवलं, मुंबईहून आलेली पोरं गणपतीत 'जाम मजा आली' म्हणतात. तेव्हा तिला नेहमी वाटायचं, कुणाच्या तरी झाडावरचे जाम खाऊन मजा आली असणार.

"आत्ता फोन करा नि खरं सांगा," ती म्हणाली.

"आणि बाबल्यासारखं निघू?"

"खोटं बोलून राहिलो तरी निघूच."

"फुटंल गो. जित्तं झाड हाय. पाणी दिलं की फुटंल."

"पाहुणे यायच्या आत फळं धरील?"

रावजी उठला आणि बादली घेऊन विहिरीकडे गेला. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं त्यासाठी त्याच्याकडे नेहमी काहीतरी काम असे.

गडग्यापलीकडे करीमचं घर. करीम मस्कतच्या नगरपालिकेच्या, म्हणजे तो म्हणायचा तसं बलदियाच्या, बागांत बरीच वर्षं काम करून परतला होता. तिथल्या वाळवंटात त्याने नारिंगांना गोल, चौकोनी आणि एकदा उंटाच्या आकारात छाटलं होतं, असं तो सांगायचा. उंटाचं कुणी खरं मानत नसे. तो आला, झाडाभोवती एक फेरी मारली.

"रावजी, अरे हे झाड हाय का कपडे वाळत घालायची खुंटी?"

"हसू नको, करीमभाय."

"हसत नाय रे. पण कापलंस छान. बघ, साल कुठं फाटली नाय. मेलेल्या माणसाचा भांग पाडावा तसं केलंयस."

मग मात्र तो झटून कामाला लागला. चुना, मोरचूद कालवून त्याने कापांवर लेप दिला. उघड्या बुंध्यावर ऊन पडून साल भाजू नये म्हणून गोणपाट गुंडाळायला लावलं. बुंध्याभोवती आळं केलं, त्यात शेण आणि पालापाचोळा. झाडाच्या ठिकाणी आता गोणपाट पांघरून बसलेला आजारी माणूस दिसत होता.

"फुटेल काय?" मालनने विचारलं.

"फुटेल. पण फळ पुढल्या साली. अल्लाने मनावर घेतलं तरी पुढल्याच साली."

विहिरीने तळ गाठला होता. बादली खाली जाऊन कातळावर ठण्णकन वाजायची, मग दोर हलवून हलवून तिला पाण्यात आडवी करायची. आधी डाळिंबं, मग कुंड्या, मग जाम, मग उरलं तर माणसं, असा रावजीने नवा क्रम लावला. मालनने दोन दिवस चूळ भरून अंघोळ केल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी ती करीमच्या घरी गेली आणि सुरय्याकडे, म्हणजे करीमच्या बायकोकडे, डोकं धुऊन आली.

याच दिवसांत गंधारने व्हिडिओ कॉल लावला.

"काका, झाड दाखवा ना. वैदेहीला बघायचंय."

"आत्ता? आत्ता मी... खाली वाडीत हाय साहेब. थोड्या येळानं लावतो."

रावजी धावला. करीमच्या परसात जामाचं झाड होतं. त्याच जातीचं, पण आधी बहरलेलं, जरा तिरकं, फळांनी लगडलेलं. सुरय्याने "अरे, अरे, चपला!" करेपर्यंत तो चुलीपुढून परसात पोचला. मालनने फोन धरला. रावजी फांदीखाली उभा राहिला आणि फळांना हात लावून हसला. इतकं हसला, की सुरय्या नंतर म्हणाली, लग्नातही असा हसला नसेल.

"वॉव!" फोनमधून वैदेही म्हणाली. "किती लागलेत! पण काका, मागची भिंत हिरवी का दिसतेय?"

"उन्हाचा रंग, ताई."

"आणि ती मॅक्सी कुणाची?"

दोरीवर सुरय्याची जांभळी मॅक्सी वाऱ्याने फुगली होती.

"मालनची," रावजी म्हणाला.

जन्मात मॅक्सी न घातलेल्या मालनने फोन घट्ट धरला. तेवढ्यात करीमची शेळी चौकटीत आली आणि तिने खालचं एक जाम खाल्लं.

"शेळी?"

"ती... फिरती हाय, ताई."

फोन बंद झाल्यावर सुरय्याने मालनला चहा दिला. म्हणाली, "माझी मॅक्सी तुला देऊन टाकते बाई. आता तुझीच झाली ती." सगळे हसले. मालन हसता हसता एकदम रडायला लागली. सुरय्याने शेळीला उगाचच एक धपाटा घातला.

आणि मग झाड फुटलं.

गोणपाट सरकवल्यावर रावजीला सालीतून वर आलेले तांबूस ठिपके दिसले, तांदळाच्या दाण्याएवढे. तो गुडघ्यांवर बसला. बोट लावायचं धाडस होईना. त्याने मालनला हाक मारली नाही, नुसती टाळी वाजवली. दिवस जातील तसे ठिपक्यांचे कोंब झाले, कोंबांना ओलसर, लाल, दुमडलेली पानं आली. रावजी रोज त्यांच्याकडे बघून हिशोब मांडायचा: एवढी वाढली तर एवढं झाकेल. मालनला आता तो जेवतानाही सांगायचा. "आतल्या बाजूचे काढून टाकू. बाहेरचे चार ठेवू. झाड वाटीसारखं उघडं होईल. आधीपेक्षा देखणं होईल, बघ तू." त्याचा खांदा दुखायचा थांबला होता, किंवा त्याने त्याबद्दल बोलणं थांबवलं होतं.

एका दुपारी दोघं डाळिंबाची रांग कापत होती. छपरावर धप्पकन आवाज झाला.

"वानर!" मालन ओरडली.

रावजी कोयता टाकून धावला. बुंध्याच्या तीन हातांवर तीन वानरं बसली होती, जणू ते आसन त्यांच्यासाठीच छाटून ठेवलं होतं. कोवळा कोंब दोन बोटांत धरायचा, खुडायचा, तोंडात टाकायचा. अगदी भाजी निवडावी तसं सावकाश चाललं होतं. रावजीने दगड मारला. दगड गंधारच्या खिडकीच्या चौकटीवर बसला. वानरांनी त्याच्याकडे पाहिलं, उरलेलं खाल्लं आणि छपरावरून निघून गेली.

एकही कोंब शिल्लक नव्हता.

रावजी आळ्यात बसला. ओल्या शेणात बसलोय हेही त्याला कळलं नाही. मालनने जवळ येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचं डोकं तापलं होतं.

"उठा. शेणात बसलायत."

"मालन, आपण जायचं कुठं गो?"

तिला वाकडी चौकट दिसत होती. चार बाजूंना काही नाही आणि मध्ये चौकट.

दुसऱ्या दिवशी गंधारचा निरोप आला. पाहुण्यांच्या आधी तो आणि वैदेही स्वतः येणार होते. उद्याच.

पुढे जे झालं ती कल्पना करीमची. पण करीम म्हणायचा रावजीची, आणि रावजी म्हणायचा दोघांची. मालनची नव्हती यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

पहाटे करीमच्या झाडाच्या फळांसकट फांद्या कापल्या. सुरय्या दारात उभी राहून "अजून एक घ्या, ती पण घ्या, झाडच न्या," असं म्हणत होती. रावजीने सुंभ भिजवून घेतलं आणि एकेक फांदी बुंध्याच्या हातांवर बांधली. गाठ आत, पान बाहेर. करीम लांब उभा राहून सूचना करत होता: "डावीकडं जरा. आता पोट सुटलं. हां, आता शेखच्या बागेसारखं." ऊन यायच्या आत झाड उभं राहिलं. लांबून पाहिलं तर खरंच झाड होतं. मालनने लांबूनही पाहिलं नाही.

फांद्यांबरोबर करीमचे हुमलेही आले होते. त्यांना नवीन झाड आवडलं नाही आणि ते रावजीच्या मानेवरून परत जायला निघाले.

दुपार व्हायच्या आतच पानं मान टाकायला लागली. रावजीने आंब्यावर औषध मारायचा पंप पाठीवर घेतला आणि पाण्याचा फवारा मारत राहिला. फवारा मारला की पानं चमकायची, थांबला की सुकायची. गाडीचा आवाज आला तेव्हा पट्ट्यांनी त्याचे खांदे सोलवटले होते.

वैदेही गाडीतून उतरली. "अय्या, किती गोड! गंधार, आधी हे शूट करू, मग आत जाऊ."

"ताई, प्रवासाचं आलायत, आधी पाणी तरी—"

ती झाडापाशी पोचली होती. तिने फोन हात लांब करून धरला, मान कलती केली, एक घोस गालाशी घेतला आणि हलकेच ओढला.

फांदी तिच्या हातात आली. मागोमाग सुंभाची लांब शेपटी.

गंधार जवळ आला. त्याने सुंभाकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग दुसऱ्या फांदीची गाठ सोडायला लागला. ती सुटेना. नखं घातली, ओढून पाहिलं.

"ती उलटी गाठ हाय साहेब," रावजी म्हणाला. "थांबा, मी सोडतो."

आणि त्याने सोडली. मग दुसरी सोडली. गंधार बाजूला उभा राहिला आणि रावजी एकेक गाठ सोडत गेला. फांद्या एकेक करून त्याच्या पायाशी पडत होत्या. शेवटी गोणपाटाचा आजारी माणूस तेवढा राहिला. वैदेहीच्या हातावरून हुमला वर चढला आणि ती किंचाळली. त्या किंचाळण्याने सगळ्यांना बोलायला आधार मिळाला.

"हे काय आहे, काका?"

"तुमी बोललात. दारासमोर जाम साफ करून टाका."

"जाम म्हणजे खूप! खूप साफ! सगळे तसंच बोलतात!"

"खूप बोलायचं होतं तर खूप बोलायचंत ना, साहेब."

"आमच्याकडं जामाला जाम म्हणतात," मालन मागून म्हणाली.

गंधारने स्वतःचा निरोप पुन्हा ऐकला. ऐकून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही हे कुणालाच कळलं नाही, कारण लगेच त्याला दुसरं आठवलं.

"आणि तो व्हिडिओ? ते कुणाचं झाड होतं?"

रावजीने पायाशी पडलेलं सुंभ गुंडाळायला घेतलं.

"तुम्ही मला दुसऱ्याचं झाड दाखवलंत. झाड कापलं ते समजू शकतो मी. पण तुम्ही हसत होतात, काका. फळांना हात लावून हसत होतात."

रावजी खाली बसला, गोणपाट सरकवलं आणि अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं, ओलं.

"हे बघा. जित्तं हाय. वानरांनी खाल्लं, नायतर एवढे कोंब आले होते. पावसाच्या आधी परत फुटंल. मी बसून राखतो. रातचापण बसतो. तेवढा येळ द्या. देखणं करून देतो, आधीपेक्षा देखणं."

गंधार वाकला. "कुठे? मला काही दिसत नाही."

"हे. हे हिरवं."

"काका, पाहुण्यांना मी हे दाखवू?"

तो सरळ उभा राहिला. मग समुद्राकडे बघत म्हणाला, "पाहुण्यांची ही खेप झाली की खोली मोकळी करा."

मालन पुढे आली. पदर खोचलेला, हाताला भांड्यांची राख. "मोकळी म्हंजे कशी, ते नीट सांगा. परत घोळ नको. मोकळी म्हंजे झाडून-पुसून, का मोकळी म्हंजे आमी जायचं?"

वैदेहीने नवऱ्याकडे पाहिलं. गंधारने जमिनीकडे.

"जायचं," तो म्हणाला.

"बरं," मालन म्हणाली. "आता कळलं."

मांगरात सामान फार नव्हतं, पण भरायला घेतलं की कुठूनकुठून निघतच राहिलं. दोन गोधड्या, देव, पत्र्याची पेटी, सुरय्याची जांभळी मॅक्सी. खेप संपायची मालनने वाट पाहिली नाही. हातांना आत्ताच काहीतरी हवं होतं. रावजी दारात बसून कोयता पुसत होता, पुसलेला पुन्हा पुसत होता. मानेवर हुमल्यांचे चावे सुजले होते. सोलवटलेल्या खांद्यांना सदरा चिकटला होता. करीम गडग्यावरून एकदा डोकावला आणि परत गेला. त्याच्या परसातलं झाड आता रावजीच्या झाडासारखंच दिसत होतं.

"भावाला फोन करू काय?" रावजी म्हणाला.

"करा."

त्याने फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

ऊन कलल्यावर पायवाटेवर चपलांचा आवाज आला. गंधार होता. तो या बाजूला कधी येत नसे. त्याला वाट नीट माहीत नव्हती, केळीच्या पानाला डोकं लागलं. रावजी उठून उभा राहिला. कोयता कुठं ठेवावा कळेना, म्हणून पाठीमागे धरला.

"बसा, बसा," गंधार म्हणाला. स्वतः उभाच राहिला. बांधलेल्या गोधड्या, पेटी, देवांचं गाठोडं हे सगळं त्याला दिसलं. "काका, मघाशी मी जरा रागात बोललो."

मालनचा गाठ मारणारा हात थांबला.

"म्हणजे झालं ते चूकच होतं. पण मीसुद्धा नीट सांगायला हवं होतं. वैदेहीही तेच म्हणत होती. तुम्ही किती वर्षं आहात इथे... आम्ही दोघांनी बोलून विचार केला."

रावजीने पाठीमागचा कोयता हळूच खाली टेकवला. मालन उभी राहिली. तिने नकळत पदर नीट केला.

"एक विचारायचं होतं," गंधार म्हणाला. "मागू की नको असं झालंय, तुम्ही आवराआवर करताय आणि..."

"बोला ना साहेब," रावजी म्हणाला.

"उद्या पाहुणे येतायत. काकी, तेवढी सोलकढी करून द्याल? मिरची बेताची घाला, त्यांच्यात लहान मुलं आहेत."